रिपोर्ट नॉर्मल, पण मूठ मिटत नाही

नायगाव तालुक्यातून एका वाचक भगिनीने पाठविलेले पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहे. त्यांच्या सासूबाई 68 वर्षांच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना जोराचा ताप आला, सांधे धरले, अंगावर पुरळ उठले. तपासणीत चिकुनगुनिया निघाला. ताप पाच दिवसांत उतरला. सांधे मात्र आठ महिने लोटले तरी मोकळे होत नाहीत. सकाळी पाण्याचा तांब्या उचलत नाही, चपलेत पाय सरकविताना कळ येते, दुपारी जरा बरे वाटते आणि रात्री पुन्हा ठणका सुरू होतो. दोन ठिकाणी दाखविले. रक्त तपासले, एक्स-रे काढला. ‘सगळे नॉर्मल आहे, वयोमानाने होते’ असे सांगून गोळ्या मिळाल्या. पत्राच्या अखेरीस त्या लिहितात : “आता घरातले म्हणू लागले आहेत की यांना काही झालेले नाही, यांना काम नको आहे. कधी कधी मलाही तसेच वाटते आणि मग माझे मलाच वाईट वाटते. खरे काय समजावे?”

या शेवटच्या प्रश्नासाठी आजचा लेख. पत्रावरून निदान करता येत नाही, तसे मी करणारही नाही. परंतु एवढे निश्चित सांगते की, चिकुनगुनियानंतर महिनोनमहिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे सांधे दुखत राहतात, ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली गोष्ट आहे. ते नाटक नव्हे आणि नुसते वयोमानही नव्हे.

मग रिपोर्ट नॉर्मल कसे? ‘नॉर्मल’ या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. जे तपासले त्यात दोष सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्स-रेमध्ये हाड दिसते. सांध्याच्या आतले मऊ अस्तर, स्नायूंची बंधने, त्यांना आलेली बारीक सूज दिसत नाही. संधिवाताचा आरए फॅक्टर या आजारात बहुधा निगेटिव्ह येतो. रक्तातील सूज दाखविणारे ईएसआर आणि सीआरपी हे आकडेही काही रुग्णांत वाढलेले असतात, पुष्कळांत नसतात. वेदना मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. ती सांगणाऱ्याच्या तोंडूनच कळते, आणि सांगणाऱ्यावर विश्वास नसेल तर कळतच नाही.

या रोगाचे नावच मुळी दुखण्यावरून पडले. 1952-53 साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, याची मोठी साथ आली. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेत ‘वाकवून टाकणारे’ अशा अर्थाचा जो शब्द होता, तोच पुढे रोगाचे नाव झाला. भारतात हा विषाणू 1963 साली कोलकात्यात सापडला. आपल्या दाराशी तो आला 1973 साली, बार्शीत. त्या काळी बार्शीहून लातूरला छोटी रेल्वे येत असे. सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना ती गाडी आठवेल, साथ आठवेलच असे नाही. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, बार्शीत जाऊन अभ्यास केला, सुमारे 37.5 टक्के लोकांना हा आजार झाल्याचे आढळले. त्यानंतर तो जणू देशातून नाहीसा झाला. एवढा की आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी तो पुस्तकाच्या एका परिच्छेदात वाचला आणि परीक्षेपुरता लक्षात ठेवला.

बत्तीस वर्षांनी, 2005 च्या अखेरीस तो परतला. 2006 मध्ये देशभरात सुमारे 14 लाख संशयित रुग्णांची सरकारी नोंद झाली. आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्राला मोठा तडाखा बसला आणि मराठवाडाही त्यातून सुटला नाही. त्या वर्षी लातुरातील माझ्या दवाखान्यात माणसे दोन्ही बाजूंनी धरून आणावी लागत. तरणीताठी माणसे म्हाताऱ्यासारखी वाकून चालत. नावात ‘चिकन’ ऐकू येते म्हणून हा कोंबडीमुळे होणारा रोग, असा समज पसरला. त्यातच त्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्या मारल्या गेल्या, आणि दोन्ही गोष्टींची लोकांनी एकच मोट बांधली. कोंबडी खाणे सोडून लोक निश्चिंत झाले. अंगणातल्या रांजणाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक हा विषाणू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जिथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते आणि जिथल्या माणसांनी 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे पाहिली, तिथे पाणी साठवू नका असे सांगणारा मूर्ख ठरेल. भांडी झाकावीत आणि आठवड्यातून एक दिवस ती कोरडी करून, आतून घासून घ्यावीत, एवढे मात्र करता येते. चोळून न घासल्यास कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

ताप गेल्यावरही दुखणे का राहते, हे शास्त्राला अजून पुरते उलगडलेले नाही. विषाणूचे अवशेष सांध्यातील पेशींत दीर्घकाळ टिकून राहत असावेत, असा एक विचार आहे. शत्रू गेल्यावरही शरीराची संरक्षण यंत्रणा शस्त्रे खाली ठेवीत नाही, असा दुसरा. दोन्हींत तथ्य असावे. हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर 2005-06 मध्ये सुमारे एकतृतीयांश लोकसंख्येला हा आजार झाला. तेथे ज्या रुग्णांचा पाठपुरावा झाला त्यांतील निम्म्याहून अधिकांचे सांधे पंधरा महिन्यांनंतरही दुखत होते. वय पंचेचाळीसच्या पुढे असणे, सुरुवातीचे दुखणे फार तीव्र असणे आणि सांध्यांची झीज आधीपासून असणे, या तीन गोष्टी ज्यांच्या बाबतीत होत्या त्यांना त्रास अधिक काळ झाला. आपल्या घरातील ज्येष्ठांना बहुधा तिन्ही लागू पडतात. सासूबाईंचे गुडघे आधीचेच कुरकुरणारे होते, असे पत्रात आहेच.

आता संशयाविषयी. आमच्या भागात एक बोलणे नेहमी कानी पडते. औसा भागातून येणाऱ्या एका आजींनी ते नेमके सांगितले होते : “बाई, हात मोडला असता तर बरं झालं असतं. पलस्तर तरी दिसलं असतं. हे दिसंना, म्हणून कुणी खरं मानंना.” या दुखण्याची रीत अशी विचित्र आहे की पाहणाऱ्याचा संशय बळावतो. सकाळी हाताची मूठ मिटत नाही आणि दुपारी त्याच हातांनी शेंगा सोलून होतात. आज उठवत नाही आणि परवा देवळात जाऊन येतात. घरच्यांना वाटते, मनात असले की जमते. प्रत्यक्षात सांध्यांचा आखडलेपणा रात्रभराच्या विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने हळूहळू सुटतो. म्हणून सकाळ वाईट आणि दुपार बरी. रोगाचे लक्षणच जर ढोंगाचा पुरावा मानले जाऊ लागले, तर रुग्णाने काय करावे?

आणखी एक निरीक्षण नोंदविते, काहींना ते रुचणार नाही. आजोबांचे सांधे धरले तर त्यांना बाजेवर बसून चहा मिळतो. आजींचे धरले तर घरातील पहिला प्रश्न असतो, भाकरी कोण थापणार? दुखणे एकच, पण ज्याच्या दुखण्याने इतरांचे काम वाढते त्याच्यावर संशय लवकर घेतला जातो. सुनेला वाईट वाटते यात तिचा दोष नाही. तिच्या वाट्याचे काम खरोखरच दुप्पट झालेले असते आणि तिच्या थकव्याची चौकशी कोणी करीत नाही. या पत्रातील कुटुंबात दोन मुलगे आहेत. सकाळचे पाणी भरणे आणि आईला अंघोळीसाठी पाणी काढून देणे एवढे जरी त्यांनी आपल्याकडे घेतले, तरी सासू-सुनेमधील निम्मा ताण उतरेल, असे मला वाटते.

संशयाचा सर्वांत मोठा तोटा मनाला होत नाही, शरीराला होतो. घरात कोणी ऐकत नाही आणि डॉक्टर नॉर्मल म्हणतात, असे झाले की माणूस जो कोणी ‘हमखास’ म्हणेल त्याच्याकडे जातो. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, पांढऱ्या-पिवळ्या गोळ्यांची मिसळ, दर आठवड्याचे एक ‘ताकदीचे’ इंजेक्शन. दुसऱ्याच दिवशी माणूस चालू लागतो, आणि देणाऱ्याचे नाव गावभर होते. या मिसळीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, ठरावीक दिवस दिले तर उपयोगीच आहे. महिनोनमहिने हिशेबाविना घेतले की चेहरा गोल सुजतो, भूक वाढते, साखर चढते, कातडी पातळ होऊन थोड्या धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात आणि हाडे आतून पोकळ होतात. मग बाथरूममध्ये साधे घसरल्याचे निमित्त होऊन खुबा मोडतो. आपल्या घरी अशा पुड्या चालू असतील तर आज वाचून आजच त्या बंद करू नका. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविले तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. पुडी, रिकामी पाकिटे, असेल ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतील.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांबाबतही तीच सावधगिरी बाळगावी. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असलेल्या ज्येष्ठांनी त्या मनाने घेऊ नयेत. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांत एकच औषध दोन नावांनी असते आणि दोन्ही पोटात जाते, हे आठवड्यातून एकदा तरी पाहते. ज्यांचे सांधे खरोखर सुजलेले राहतात अशा काही रुग्णांना संधिवाततज्ज्ञ मेथोट्रेक्झेट देतात. ते संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे औषध आहे. रोज घेतले गेले तर अत्यंत घातक ठरते. पाकिटावर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे आणि ते औषध काळजी घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने द्यावे.

येथे उलट बाजूही सांगितली पाहिजे. एकदा चिकुनगुनिया झाला की पुढची सारी दुखणी त्याच्या खाती टाकण्याची सवय लागते, घरच्यांना आणि डॉक्टरांनाही. एकच सांधा लाल, गरम होऊन ताप आला, वजन घटू लागले, रात्री झोपेतून उठविणारे हाडांचे दुखणे आणि सोबत रक्त कमी झालेले आढळले, तर ते दुसरेच काही असू शकते. पन्नाशीनंतर कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे आणि नजर अंधूक होणे असे एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उशिराने दृष्टी जाते. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे सुजून सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकत असेल तर संधिवाततज्ज्ञांचे मत घ्यावेच. थायरॉइड आणि ‘ड’ जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावे. एवढे झाल्यावर मात्र तपासण्यांची पळापळ थांबवावी. दर महिन्याला नवे शहर, नवी लॅब, नवा डॉक्टर, यात पैसा जातो आणि रुग्णाची गोष्ट पहिल्यापासून ऐकून घेणारा एकही माणूस उरत नाही. या आजारात हुशार डॉक्टरपेक्षा कायमचा डॉक्टर अधिक उपयोगी पडतो. सर्व कागद तारखेप्रमाणे एका फाइलीत लावावेत आणि तीच फाइल सर्वत्र न्यावी.

सोबत एक साधी वही असावी. पुष्कळ घरांत ‘आज कसे वाटते?’ हा प्रश्न दिवसातून चार वेळा विचारला जातो आणि चार वेळा ‘तसेच’ असे उत्तर येते. त्याऐवजी, सकाळी मूठ पूर्ण मिटायला किती वेळ लागला, रात्री झोप किती झाली आणि आज कोणते काम स्वतः करता आले, एवढेच लिहावे. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानेही फोनवर ‘औषध घेतले का?’ एवढेच विचारून न थांबता ‘आज मूठ किती वाजता मिटली?’ असे विचारावे. मुलाला आपले दुखणे ठाऊक आहे, हे त्या एका प्रश्नातून आईला कळते. दोन महिन्यांनी तीच वही मला रक्ताच्या रिपोर्टहून जास्त सांगते. नऊ वाजता मिटणारी मूठ साडेसातला मिटू लागली असेल तर सुधारणा आहे. रुग्णाला ती जाणवलेली नसते, कारण रोजचे दुखणे कालच्याशी ताडून पाहता येत नाही.

दिवसाची आखणी हा उपचाराचाच भाग आहे. पहाटे अंथरुणातच हातापायांची बोटे, मनगटे, घोटे सावकाश हलवावेत. नंतर सोसेल इतक्या कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून त्याच पाण्यात मुठी उघडझाप कराव्यात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाणी आधी दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. भाजलेले त्यांना कळत नाही. सैल भिजविलेली कणीक मळणे हा बोटांना उत्तम व्यायाम आहे. भाकरी थापणे आणि कपडे पिळणे मात्र काही काळ दुसऱ्यांकडे द्यावे. सर्वांत अवघड पथ्य चांगल्या दिवसाचे. बरे वाटले की आजी माळा आवरायला काढतात आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरतात. चांगल्या दिवशी जेवढे करावेसे वाटते त्याच्या निम्मे करावे, मध्ये विसावा घ्यावा, आणि वाईट दिवशीही थोडे चालावे. फिजिओथेरपी लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावी. रोज जाणे परवडत नाही हे खरे. दोन-तीनदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यावेत आणि घरी करावेत. सोबत जाणाऱ्यानेही ते शिकावेत.

आधाराचा विचार आपण फक्त घर आणि दवाखाना एवढाच करतो. त्याच दुखण्यातून जाणारे दुसरे माणूस हा तिसरा आधार असतो. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाने कंपवाताच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना असेच एकत्र आणले आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीचे मंडळ असल्याचे माझ्या ऐकिवात नाही, पण ते माझ्या दवाखान्याच्या बाकावर आपोआप भरताना मी पाहिले आहे. दोन अनोळखी बायका शेजारी बसतात. एक म्हणते, “जिना उतरताना तळपाय टेकवंना.” दुसरी चमकून विचारते, “तुमचंबी तसंच हाय व्हय?” पुढचा अर्धा तास नंबर येऊन गेल्याचे दोघींच्या लक्षात येत नाही. त्या संभाषणाने जे काम होते ते माझ्या चिठ्ठीने होत नाही, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

ज्येष्ठ नागरिक संघ दोन्ही शहरांत आहेत. तेथे पुरुषांची उपस्थिती अधिक दिसते. बायकांचे खरे संघ म्हणजे भजनी मंडळ आणि संध्याकाळचा हरिपाठ. आमच्या गल्लीतील मंडळातल्या एका आजींना टाळ धरवेना, तेव्हा त्यांनी येणेच सोडले. मंडळातील बायका घरी गेल्या आणि टाळ राहू द्या, तुम्ही नुसती सुरुवात करून देत जा, असे म्हणाल्या. त्या आता खुर्चीवर बसून अभंग उचलतात. त्यांच्या गोळ्या मी तेवढ्यात कमी केल्या नाहीत. मात्र रात्रीची झोप चार तासांवरून सहावर आली, ही वहीतली नोंद आहे.

झोप सतत उडत असेल, जेवण तुटले असेल, ‘आता पुरे झाले’ असे शब्द तोंडी येत असतील, तर ते दुखण्याचे रडगाणे समजून सोडून देऊ नये. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे. रुग्णाने किंवा काळजी घेणाऱ्याने, कोणीही लावावा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अंकांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावून ठेवावेत. नायगावच्या भगिनींनी सासूबाईंची फाइल घेऊन एकदा संधिवाततज्ज्ञांना दाखवावे, जाण्यापूर्वी दोन आठवडे वही लिहावी आणि दवाखान्यात जाताना दोघा मुलांपैकी एकाला सोबत न्यावे.